छोटं, मॉडर्न आणि अर्थपूर्ण

बेबीआत्याचं कागदोपत्री नाव वसुंधरा आहे, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना ती शाळेतून निवृत्त झाली तेव्हा पेन्शनच्या कागदांवरून कळलं. तीन भावांच्या पाठीवर झालेली म्हणून कुणीतरी कौतुकाने 'बेबी' म्हणायला लागलं, आणि आज ती सत्तरी ओलांडलेली बेबी आहे. लहान मुलं तिला 'बेबीआजी' म्हणतात आणि त्यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटत नाही. आमच्या घराण्यातल्या दोन पिढ्यांची नावं जिने ठेवली, तिचं स्वतःचं नाव मात्र लाईट बिलापुरतं उरलंय.

माझं नाव मृगांक. तिचंच काम. अर्थ चंद्र. शाळेत, बँकेत आणि कुरिअरवाल्यांच्या तोंडी मी मयंक, मृदंग आणि एकदा 'मिस मृगा'ही झालेलो आहे. घरात अर्थातच मृग्या. तक्रार केली की आत्या चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "चंद्र आहेस ना? मग कला बदलायच्याच."

अशी एक आत्या प्रत्येक घराण्यात असते. कुठे ती मावशी असते, कुठे पोस्टातून निवृत्त झालेले काका असतात. पण आपल्याकडे मुलाचं नाव ठेवण्याचा मान आत्याचा, त्यामुळे तिच्या शब्दाला आपोआप वजन येतं. खरं तर पारस्कर गृह्यसूत्रात हे काम बापाकडे दिलंय. जन्मानंतर दहाव्या दिवशी बापाने नाव ठेवावं, असं त्यात आहे. संस्कृत शिकवण्यात हयात गेल्यामुळे आत्याला हे पक्कं ठाऊक आहे आणि आजवर तिने ते कुणाला सांगितलेलं नाही. मला कळलं ते तिची वही चाळताना. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ होती आणि पुढे लिहिलं होतं, 'गरज पडल्यास'.

ही वही दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. पहिला रकाना मुलांचा, दुसरा मुलींचा. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्याने बंदी असल्यामुळे दोन्हीकडची तयारी ठेवावी लागते. तिसरा रकाना अर्थाचा, आणि चौथ्याच्या डोक्यावर फक्त 'गेलं' असं लिहिलंय. म्हणजे हे नाव आपण राखून ठेवलं होतं, पण कुणीतरी आधी उचललं. 'अर्णव' समोरच्या 'गेलं'मध्ये तिच्या जावेच्या मुलीचं नाव आहे. ते दोन्हीकडच्या नातवंडांच्या वेळचं प्रकरण. त्या वर्षी दिवाळीचा फराळ एकमेकींकडे गेला, पण डबे रिकामे परत आले. आमच्याकडे रिकामा डबा परत करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

वहीत नावं येतात कुठून? चोहीकडून. सिनेमा संपल्यावर सगळे उठून पॉपकॉर्नचे डबे उचलतात तेव्हा आत्या बसून असते, पडद्यावर सरकणाऱ्या नावांतून तिला काहीतरी मिळायचं असतं. घरी लग्नपत्रिका आली की मुहूर्त, कार्यालय, वधूवर हे सगळं सोडून ती थेट तळाची ओळ वाचते: 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' त्या ओळीखाली चिल्ल्यापिल्ल्यांची नावं असतात. आत्याच्या मते महाराष्ट्रात सध्या कोणती नावं चालू आहेत हे कळायला याहून चांगलं साधन नाही. पत्रिका तीन वर्षं जुनी असली तरी नावं पुढची पाच वर्षं चालतात, असा तिचा हिशेब.

शिवाय संध्याकाळची बाग. डोंबिवलीत तिच्या सोसायटीच्या मागे एक चिमुकली बाग आहे. तिथल्या बाकावर ती लोकरीचं विणकाम घेऊन बसते. विणकाम नावापुरतं. गेली कित्येक वर्षं तोच एक मोजा चालू आहे. कान मात्र घसरगुंडीकडे. "विहाऽऽन, पुरे आता!" "अयांश, त्याला ढकलू नकोस!" "कियान, चप्पल कुठाय?" प्रत्येक हाकेला एक टाका चुकतो.

नव्या आईबापांची मागणी मात्र एकाच साच्याची असते. फोन येतो, थोडं इकडचं तिकडचं होतं आणि मग ते वाक्य येतं: "आत्या, छोटं हवं, मॉडर्न हवं, पण अर्थपूर्ण हवं हं." हे ऐकलं की आत्या पेनाचं टोपण काढते, कारण अटी इथून पुढे सुरू होतात हे तिला माहीत असतं. जोडाक्षर नको. 'ळ' नको, पुढेमागे अमेरिकेला गेला तर तिकडे कोण म्हणणार? स्पेलिंग एकाच प्रकारे व्हायला हवं. 'ए'ने सुरू झालं तर बरं, हजेरीत नाव वर येतं. युनिक तर हवंच. आणि जमलं तर आईबाबांच्या दोघांच्या नावातलं एकेक अक्षर. माझा मावसभाऊ निनाद आणि त्याची बायको सायली यांनी पोटातल्या बाळासाठी 'निसा' असं जुळवून आणलं होतं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे. पुढचं रे-ग-म दुसऱ्याला ठेवा."

मग ती म्हणते, "बघू, आपट्यांना विचारते."

हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतोय, त्यामुळे आम्हाला त्यात काही वाटत नाही. पण निनादची सायली घरात नवीन होती. तिने तीन-चार वेळा 'आपट्यांना विचारते', 'आपटे नाही म्हणतात', 'आपट्यांना पटत नाही' असं ऐकलं आणि एक दिवस भीतभीत म्हणाली, "अहो आत्या, त्यांची दक्षिणा किती असते? आम्ही ऑनलाईन पाठवली तर चालेल का?" वामन शिवराम आपटे 1892 सालीच गेले. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश 1890 चा. आत्याकडे त्याची एक पुठ्ठा निघालेली प्रत आहे, ती देवघराच्या खालच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी असते. सायलीला ती दाखवली तेव्हा तिने आधी कोशाला नमस्कार केला. त्या दिवसापासून सायली आत्याची लाडकी आहे.

आपट्यांशी गाठ घालून दिल्यावर भल्याभल्या नावांची पंचाईत होते. आरवचंच घ्या. 2002 साली अक्षयकुमारकडे आरव जन्मला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो सगळ्यांकडेच जन्मला. आमच्याकडेही एक आहे, माझ्या चुलतभावाचा. नाव ठरल्यावर वहिनींनी मोठ्या हौसेने आत्याला फोन केला.

"आत्या, आरव. अर्थ शांत."

"कोण म्हणतं?"

"नेटवर आहे ना! शांत, सौम्य."

"अगं, रव म्हणजे आवाज. आरव म्हणजे ओरडा, आरोळी. शांत हवा असेल तर नीरव ठेव."

नीरव ठेवण्याची तेव्हा कुणाची तयारी नव्हती, त्याची कारणं बँकांना ठाऊक. आरवच राहिला. पहिले पाच महिने तो रात्री दोन ते साडेचार असा रोज रडला. वरच्या मजल्यावरचे जोशी आधी विचारपूस करायला आले, मग नुसतेच येऊन दारात उभे राहायला लागले. आत्या बाळाला बघायला गेली, तो रडत असतानाच त्याला मांडीवर घेतला, पाच मिनिटं कौतुकाने ऐकलं आणि म्हणाली, "बघ, नावाला जागतोय." वहिनी त्यावर महिनाभर तिच्याशी तुटक बोलत होत्या. आता आरव बालवाडीत जातो. तिथे आणखी दोन आरव असल्यामुळे बाई त्यांना आरव के., आरव पी. आणि नुसता आरव म्हणतात. आमचा नुसता.

'-अंश' वाल्या नावांवर तर तिचा विशेष राग. रुद्रांश, शिवांश, देवांश, श्रेयांश आणि नुसताच अंश. "सगळे अंशच," ती म्हणते, "छेद कुठाय? पूर्णांक कुणीच व्हायचं नाही का?" अनय हे नाव कुणी सुचवलं की ती काही बोलत नाही, नुसता आपट्यांचा कोश उघडून पुढे सरकवते. तिथे अनय म्हणजे वाईट वर्तन, अन्याय, दुर्दैव अशी रांग आहे. समोरचा चपापतो. मग आत्याच समजूत घालते, "राधेच्या नवऱ्याचं नाव अनय सांगतात. तेवढ्यावर भागव." विहानला मात्र तिने पास केलंय. पहाट असा खरोखरचा अर्थ आहे, हिंदीभाषक खेड्यांतून 'बिहान' आजही बोलतात, असं सांगताना तिच्या चेहऱ्यावर शिक्षिकेला एखाद्या मुलाच्या पेपरात अनपेक्षित बरोबर उत्तर सापडल्याचा आनंद असतो.

आणि शिवायचं प्रकरण. 2016 साली अजय देवगणचा त्या नावाचा सिनेमा आला. त्यानंतर साताऱ्याच्या आमच्या एका भाच्याने मुलाचं नाव तेच ठेवलं आणि आत्याला फोन केला. मी तिथेच बसलो होतो. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"काय ठेवलं? ... शिवाय? शिवाय काय? ... अरे, शिवाय आणखी काय? ... म्हणजे दोन झाले? जुळे? अरे, मग आधी नाही का सांगायचं!"

तिने फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "जुळे झालेत. दुसऱ्याचं नाव सांगत नाहीये." गोंधळ निस्तरायला दहा मिनिटं लागली. नंतर मात्र तिने भाच्याला सोडलं नाही. 'नमः शिवाय'मधलं शिवाय म्हणजे शिवाला, ती चतुर्थी. "विभक्ती लावलेलं नाव ठेवतात का कुठे? उद्या गणपतीचा भक्त असलास तर पोराचं नाव 'गणपतीला' ठेवशील." भाचा म्हणाला, "आत्याआजी, ऐकायला भारी वाटतं." या युक्तिवादावर पाणिनीकडेही उत्तर नाही, हे आत्याने मान्य केलं.

हे सगळं वाचून आत्या जुन्या वळणाची आहे आणि तिला सगळी पोरं केशव-माधवच हवीत, असा कुणाचा समज होईल. तसं नाही. नाव छोटं असावं हे तिलाही पटतं, पण तिची कसोटी वेगळी. नाव पक्कं करण्याआधी ती त्याची हाक मारून बघते. नुसती पुटपुटून नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जाते, पदर खोचते, दोन्ही हात कठड्यावर टेकवते, खाली रस्त्यावर एकदा बघून घेते आणि पूर्ण आवाजात म्हणते, "ईशाऽऽन!" मग कान देऊन थांबते. समोरच्या इमारतीवरून हाक परत आली पाहिजे, खालच्या इस्त्रीवाल्याने मान वर केली पाहिजे आणि शेवटचं अक्षर रिक्षाच्या आवाजात बुडता कामा नये. ईशान उत्तम निघाला. विहान पहिल्या वर्गात. आरवही चांगला, पण त्याचा धोका असा की खालून तीन आरव वर बघतात. ओम मात्र साफ नापास. "तोंड मिटतं रे शेवटी," ती म्हणाली. "हाक मारली की पोरगं यायच्या ऐवजी शेजारचे डोळे मिटून बसतात." यश ओढता येत नाही, ताणलं की साप आल्यासारखं वाटतं. वेदला तिने ताण देऊन पाहिला, ठीक गेला, पण वहीत शेरा मारला: 'पुढे वेद्या होणार. वेड्या ऐकू येईल.'

आणि तसंच झालं. तिच्याच जावेचा नातू वेद. त्याच्या आईने दोनच अक्षरं अशासाठी निवडली होती की कुणी मोडतोड करायला जागाच राहू नये. मोडतोड करायला जागा लागते हा समज मुळात चुकीचा. मराठी माणूस नाव आखूड असेल तर लांब करतो. वेद आठवड्यात वेदू झाला, महिन्यात वेदुल्या, चालायला लागल्यावर वेद्या, आणि गेल्या मे महिन्यात त्याचे आजोबा त्याला 'वेदोबा, वेदशास्त्री, इकडे या' असं म्हणताना मी ऐकलं. नाव दोन अक्षरांवरून चारवर गेलं होतं. ओमचा ओम्या, ओमशेट. नीलचा निळू, निळोबा. आत्याचं यावर एक ठाम मत आहे, ते ती भाजी निवडता निवडता सांगते: नाव मोठं ठेवावं आणि वापरताना छोटं करावं. विष्णु वामन शिरवाडकरांना लोक वि. वा. म्हणायचे, गजानन दिगंबर माडगूळकरांचे गदिमा झाले. "मुळातच दोन अक्षरं ठेवलीत तर कापणार काय? लोकांना कापायला काहीतरी लागतं. कापायला नसलं की ते जोडतात."

बारशाला मात्र ती वाद बाहेर ठेवून येते. नऊवारी नाही, पण इरकल नेसते. बाळाची सख्खी आत्या हल्ली बहुतेक सिअॅटलला नाहीतर सिडनीला असते, ती व्हिडिओ कॉलवर हजर असते, पण कानात कुर्रर्र करायला माणूस प्रत्यक्ष लागतो. एकदा फोनच बाळाच्या कानाला लावून बघितला. तिकडून सिडनीच्या आत्याने कुर्रर्र केलं, इकडे नेट अडकलं आणि बाळाच्या कानात नुसतंच 'कु... कु...' गेलं. तेव्हापासून बेबीआत्या आमची कायमची बदली आत्या. तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नावं लिहितात तेव्हा गुरुजी एकेक सांगत जातात. कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि मग व्यवहारातलं. महिन्याच्या बारा नावांत यज्ञपुरुष आणि पुंडरीकाक्षही आहेत, ते वाट्याला आलं की ताट पुरत नाही. नक्षत्राचं तर विचारूच नका. एका नातवाचा जन्म आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाला, म्हणजे अक्षर आलं 'ङ'. गुरुजी म्हणाले 'ग' घ्या. आत्या म्हणाली, "ङ आलंय तर ङच लिहा. त्याचंही कुणीतरी असायला हवं." ताटात नुसतं 'ङ' लिहिलेलं आहे असा फोटो आमच्या अल्बममध्ये आहे.

मग पाळण्यापाशी गर्दी. गोविंद-गोपाळ वरखाली होतात. आत्या वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते, आणि तिच्या पाठीत धपाटे सुरू होतात. पद्धतच आहे ती. पण आमच्या आईचा आणि काकूचा हात त्या क्षणी जरा जास्तच उत्साहाने पडतो, असं माझं निरीक्षण आहे. नणंदेच्या पाठीत, चार लोकांत, गाणं म्हणत म्हणत धपाटे घालायची संधी वर्षातून फार वेळा येत नाही. आत्याही कमी नाही. धपाटे खात खात ती बराच वेळ कानाशी काहीतरी बोलत राहते. जेवढ्या वेळात दोन अक्षरं सांगून व्हावीत त्याच्या दसपट. ती आणखी काय सांगते हे कुणालाच माहीत नाही. आमच्या काकूचा संशय असा की ती आधी स्वतःच्या पसंतीचं नाव सांगून टाकते आणि नंतर घरच्यांचं. त्यामुळे आमच्या घरात बाहेरून आरव आणि आतून वाचस्पती अशी किती मुलं फिरतायत, देव जाणे.

घाई मात्र तिला खपत नाही. इस्पितळातून फॉर्म आला, एकवीस दिवसांत जन्माची नोंद झाली पाहिजे, म्हणून आईबाप कासावीस होतात. अशा वेळी आत्या त्यांना जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा समजावून सांगते. नोंद वेळेत करा, नावाची जागा कोरी ठेवा. नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. "पंधरा वर्षं आहेत," ती म्हणते. "तोवर त्यालाच विचारा."

छोट्या नावाच्या बाजूने अलीकडे सरकारनेच एक मुद्दा दिलाय, तोही तिने वहीत टिपून ठेवलाय. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं राज्याच्या कागदपत्रांत आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव अशी लिहायची आहेत. म्हणजे चार मजली नाव. आत्याला हे मनापासून आवडलं. आईचं नाव कागदावर यायला इतकी वर्षं लागली, यावर तिने एक पूर्ण दुपार भाषण दिलं. पण मग तिने 'पुरुषोत्तम वसुंधरा लक्ष्मीकांत' असं वहीत लिहून बघितलं, पट्टीने मोजलं, आणि कबूल केलं की पहिला मजला छोटा असलेला बरा. त्या पानावर 'वसुंधरा' हा शब्द तिने जरा मोठ्या अक्षरात काढलाय. तिच्या मुलाचं नाव पुरुषोत्तम नाही, प्रशांत आहे. त्याला आम्ही सगळे बाळू म्हणतो.

सध्या आत्या एका नव्या मोहिमेवर आहे. माझा पुतण्या आणि त्याची बायको ऋता, दोघं पुण्यात कंप्युटरवाले. मागच्या आठवड्यात मुलगा झाला. फॅमिली ग्रुपचं नाव आधी 'बाळ लोडिंग' होतं, आता 'नाव लोडिंग' झालंय. ऋताने एक्सेलची शीट केली आहे. त्यात नाव, अर्थ, अक्षरं, स्पेलिंग, 'आपल्या ओळखीत कितीजण' असे रकाने आणि शेवटी मतदान. आत्याला मतदान हा प्रकार पसंत नाही. नावं बहुमताने ठरायला लागली तर सगळेच आरव होतील, असं ती म्हणते, आणि चालू पिढीकडे बघता हे खोटं म्हणता येत नाही. पण शीट तिने नीट वाचली. नंतर लाल वही आणि पारस्कर गृह्यसूत्र घेऊन बसली. त्यात मुलाच्या नावाला अटी आहेत. अक्षरं दोन किंवा चार, विषम अक्षरांची नावं मुलींना. सुरुवात घोष व्यंजनाने, मधे य-र-ल-व मधलं काहीतरी, शेवट दीर्घ. म्हणजे छोटं नाव ही पुण्याच्या आयटीवाल्यांनी काढलेली टूम नव्हे. आणि संस्कृतात मोजलं तर आरव, विहान, ईशान, अर्णव सगळे तीन अक्षरी निघतात, तोंडाने कितीही दोन म्हणा. हे तिने ग्रुपवर टाकलं. उत्तरादाखल सात अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी तिने एक नाव शीटमध्ये घातलं. स्वतःच्या हाताने टाईप करून, बाकीचे रकाने भरून. अक्षरं: दोन. पहिलं अक्षर घोष. शेवट दीर्घ. मधे अंतःस्थ वर्ण नाही, पण एवढं चालतं. ओळखीत कितीजण: शून्य. हाक: कसून तपासली, इस्त्रीवाला वर आला. अर्थ: भक्कम. पूर्वी मुलं जगत नसत तेव्हा आयुष्य मागून घेण्यासाठी ठेवत. शेरा: त्या नावाचे कर्वे 104 वर्षं जगले आणि त्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं.

नाव: धोंडो.

ग्रुपवर बराच वेळ शुकशुकाट होता. काकूने फक्त हात जोडलेल्याचं चित्र टाकलं. मी आत्याला वेगळा फोन करून विचारलं, "तू थट्टा करतेयस ना?" ती म्हणाली, "सगळ्या अटी त्यांच्याच आहेत. मी फक्त बसवून दाखवलं." एवढ्यात ऋताचा मेसेज आला. ती लहानपणी बंगळुरूला वाढलेली. तिने लिहिलं होतं, "आत्याआजी, हे खूप क्यूट आहे! इटालियन आहे का?"

बारसं येत्या रविवारी आहे. मतदान शनिवारी रात्री बंद होतं. आज सकाळी बघितलं तेव्हा धोंडो तिसऱ्या नंबरावर होता, रेयांशपेक्षा दोन मतांनी पुढे, आणि त्यातलं एक मत माझं आहे.